अडीच किलो

खानापूर रोडच्या त्या हॉलात एरवी लग्नं लागतात.
त्या दिवशी दारात कमान होती:
वाद्ये व ध्वनियंत्रणा, तीन दिवस, प्रवेश मोफत.
वर कन्नडात मोठं, खाली मराठीत बारीक.
मी दोन्ही वाचलं. मोफत तर दोन्हीकडे होतं.

हाफ डे टाकून आलो होतो,
नखांत उद्यमबागची काळी रेती,
खिशात साडेतीनशे रुपये
आणि गेल्या वर्षीची माहितीपत्रकं, घडीवर फाटलेली.
त्यातले वॅट आणि किमती
मला पाढ्यासारख्या पाठ आहेत.
बायको म्हणते, घ्यायचं नाही तर पाठ कशाला?
पावणेतीनाचा पाढा तरी कुणी
काय घ्यायला पाठ केला होता?

आत अकरा जण अकरा सुरांत काहीबाही विकत होते.
अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या कीबोर्डपुढे उभा राहिलो
आणि आधी दाबला कोमल धैवत.
घरचा मुका आहे.
नागोजी हुंद्रेच्या बँडकडून घेतला होता जुना,
कुठल्याशा वरातीत त्याच्यावर सरबत सांडलेलं.
तेव्हापासून अनगोळच्या भजनात
मी त्या सुरावरून उडी मारतो,
आणि लोकांना वाटतं ती माझी ढब.

इथं तो वाजला.
सरळ, बिनकामाचा, स्वच्छ.
लगेच बोट काढून घेतलं,
दुसऱ्याच्या ताटाला लागल्यासारखं.

पुढं मिक्सर. बत्तीस सरकपट्ट्या,
हिरवे दिवे श्वासासारखे चढत-उतरत,
आणि पाटी: मुट्टबेडी.
हात पाठीमागं बांधले.
माझ्या हातांना दोन्ही भाषांतलं "नको" कळतं.

मग दिसले माईकचे स्टँड,
ओळीनं, एका पायावर, बगळ्यासारखे.
बुडाशी लोखंडाची गोल थाळी, काळा रंग दिलेली.
मी खाली बसलो.
एक उलटी केली.

तीन वर्षं झाली आमच्याकडं ही ऑर्डर आहे.
कागदावर एवढंच: गोल बूड, मध्ये भोक, अडीच किलो.
कल्लाप्पा म्हणाला होता,
वजनं असतील बे कुठल्या तर काट्याची.
मीही तेच धरून चाललो होतो,
कुठं तरी गूळ मोजला जात असेल,
कुठं तरी मिरची.
रोज दीडशे नग घासले, नाकातोंडात लोखंड,
कानात ग्राइंडर.

भोकाच्या डावीकडं चाक अडतं माझं,
तिथं जरा जास्तच खाल्लं जातं.
रंगाखालून नखानं चाचपलं.
होतं.

स्टॉलवरचा पोरगा गोकाकचा, ईरण्णा.
येनु बेकु, अण्णा?
म्हटलं, काही नको. हे मी केलंय.
त्याला वाटलं मालात खोट निघाली.
घाईनं दुसरा आणून दिला.
त्यालाही तिथंच, तेवढंच.

तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली,
बापाला मागं उभं करून.
स्टँड खाली ओढला स्वतःच्या उंचीला,
ओंदु, एरडु, म्हणाली,
मग पुढचा आकडा सोडून भलतंच हसायला लागली
आणि तिचं हसू साऱ्या हॉलात, वरच्या झुंबरापर्यंत.
ती लोंबकळलीच जवळजवळ स्टँडला.
मी मात्र बूड बघत होतो.
हललं नाही.

निघताना एक पिन घेतली, साठ रुपयांची.
कीबोर्डला बसणार नाही, हे माहीत असून.

सोमवारी फेटलिंगला पहिला नग उचलला,
घासण्याआधी भोकात बोट घालून लटकवला,
पान्यानं हलकेच मारलं
आणि कानाशी नेला.
काय ऐकूलालैस? कल्लाप्पा ओरडला, चिरलाय काय?
पुन्हा मारलं. धैवतच होता, किंवा त्याच्या आसपास.
चिरला नाही, म्हटलं.
जरा उतरलाय.